पाडव्याची ओवाळणी आणि बुदापेश्तचा 'रितेश'

लग्नाला सात वर्षं झाली आणि पाडव्याच्या ओवाळणीत मी आत्तापर्यंत दोन साड्या, एक इयरफोन, एक घड्याळ आणि एक मिक्सर देऊन बसलोय (मिक्सर चालत नाही हे नंतर कळलं, म्हणजे मिक्सर चालतो, ओवाळणी म्हणून चालत नाही). २०२४ च्या दिवाळीत बायकोने माझ्यावर सोडलंच नाही. सरळ लिंक पाठवली, बुदापेस्टला एका घरगुती किचनमध्ये हंगेरियन स्ट्रूडल (कागदासारख्या पातळ पिठात सारण गुंडाळून भाजलेला रोल) शिकवतात, शनिवारी सकाळी दहा ते दोन, दोघांचं बुकिंग कर, ही माझी ओवाळणी. म्हटलं दोघांचं कशाला, तू जा, मी तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबत बसतो. तर म्हणाली, तू जळगावचा ना, लग्नात आमच्याकडच्या लोकांना खापराच्या मांड्यांवर अर्धा तास लेक्चर दिलं होतंस, चल मग, बघू तरी हात कसा चालतो. हा टोमणा सात वर्षं जपून ठेवला होता हे लक्षात घ्या. कोल्हापूरची आहे.

आम्ही म्युनिकला राहतो. १ नोव्हेंबरला बव्हेरियात सुट्टी असते, त्या वर्षी शुक्रवार आला होता म्हणून लाँग वीकेंड, पण नेमकं त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. आईचा फोन आला, लक्ष्मी घरी यायच्या दिवशी तुम्ही घराला कुलूप लावून कुठे निघालात? उत्तर नव्हतंच, हं हं करत राहिलो. म्युनिकहून बुदापेस्टच्या केलेती स्टेशनपर्यंत थेट ट्रेन आहे, साल्झबर्ग, व्हिएन्ना करत सातेक तास लागतात, डब्यात चिवडा आणि आईने कुरिअरने पाठवलेल्या चकल्या, त्यातल्या निम्म्या चकल्यांचा चुरा. पोहोचलो तर कळलं १ नोव्हेंबरची सुट्टी इथे पण आहे. म्हणजे सुट्टी आहे म्हणून आलो आणि ज्या सेंट्रल मार्केटमध्ये पहिला दिवस घालवायचा ठरवला होता तेच बंद. लक्ष्मीपूजन हॉटेलच्या खोलीत, टेबलावर मोबाईलमधला देवीचा फोटो आणि बॅटरीवरच्या पणत्या, कारण वर स्मोक अलार्म लाल डोळा करून बघत होता.

संध्याकाळी एका केकवाल्याकडे गेलो, ते सुट्टीतही चालू होतं. डोबोश टोर्ट घेतला. हा इथला फार मानाचा केक. योझेफ डोबोश नावाच्या माणसाने १८८५ च्या बुदापेस्टमधल्या मोठ्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा मांडला. पातळ स्पंजचे थर, मध्ये चॉकलेट बटरक्रीम आणि वर कडक कॅरॅमलची काचेसारखी चकती. तेव्हा फ्रीज नव्हते, तर हा केक बाकीच्यांपेक्षा जास्त टिकायचा म्हणून परगावी पाठवता यायचा. डोबोशने रेसिपी वर्षानुवर्षं लपवून ठेवली, लोकांनी नकला करून बघितल्या, शेवटी १९०६ मध्ये त्याने स्वतःच ती मिठाईवाल्यांच्या संघटनेला देऊन टाकली, घ्या आणि करा सगळे. मला वाटलं उद्या असलंच काहीतरी शिकवणार. बायको म्हणाली नाही रे, हे दुकानातलं, आपण घरातलं शिकणारोत. तिने सगळं वाचून ठेवलं होतं.

शनिवारी पाडवा. सकाळी खोलीतच ओवाळून घेतलं आणि निघालो. क्लास सातव्या डिस्ट्रिक्टमध्ये, एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. मोठ्ठा लाकडी दरवाजा ढकलून आत गेलो आणि मी जागीच थांबलो. मध्ये चौक, चारी बाजूंनी मजल्यामजल्यावर कठड्याची गॅलरी आणि सगळ्या घरांची दारं त्या गॅलरीत उघडतात. ही चाळ आहे! माझी मावशी गिरगावात राहायची तिथली सेम टू सेम, फक्त इथले कठडे नक्षीदार लोखंडाचे आणि वाळत घातलेले कपडे कमी. असली घरं या शहरात गल्लोगल्ली आहेत. एका दारात बाई झाडांना पाणी घालत होती, तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं, तेही अगदी चाळीसारखंच.

आम्ही एकूण सहाजण. आयर्लंडच्या दोघी बहिणी, एक डच जोडपं ज्यातला नवरा माझ्यासारखाच ओढून आणलेला दिसत होता, आणि आम्ही. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, हात मात्र एखाद्या पैलवानाचे. त्यांना इंग्रजी जेमतेम, म्हणून त्यांची भाची दुभाषी. सगळे त्यांना 'नेनी' म्हणत होते. नेनी म्हणजे आपल्या मावशी-काकूसारखं, वयाने मोठ्या बाईला लावतात, त्यामुळे आम्हीही नेनीच म्हणायला लागलो.

पहिला धडा उच्चाराचा. हंगेरियनमध्ये एस लिहितात पण वाचतात 'श', म्हणून ते बुदापेस्ट नसून बुदापेश्त. आणि आपण ज्याला स्ट्रूडल म्हणतो त्याला ते म्हणतात 'रेतेश'. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. रेतेश. रितेश! त्या क्षणापासून आमच्यासाठी त्या पदार्थाचं नाव रितेश पडलं आणि पुढचे चार तास आम्ही 'रितेश फाटला', 'रितेशला तूप लाव', 'रितेश ओव्हनमध्ये गेला' असलं बोलून एकटेच हसत होतो, बाकीच्यांना वाटलं असेल हे लोक फार आनंदी आहेत. शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे, थरांचं, पदराचं. म्हणजे आपल्या चिरोट्यांच्या बिरादरीतलं.

मग पीठ. पिठाला शब्द आहे 'लिस्त'. भाचीने विचारलं, बुदापेश्तच्या विमानतळाचं नाव माहितीये का? लिस्त फेरेन्त्स, म्हणजे तो जगप्रसिद्ध पियानोवाला संगीतकार फ्रान्झ लिस्ट. त्याचं आडनावच पीठ! म्हणजे आपल्याकडचे पिठे. हंगेरीत आडनाव आधी लावतात, तर पिठे फ्रान्झ. मला हे इतकं आवडलं की मी परत येऊन ऑफिसमध्ये पाच जणांना सांगितलं, पाचही जर्मन, एकालाही हसू आलं नाही.

पण रितेशचं पीठ साधं नसतं. त्याला वेगळं पीठ मिळतं, 'रेतेशलिस्त', हातात घेतलं की मैद्यासारखं गुळगुळीत लागत नाही, अगदी बारीक रव्यासारखं खरखरीत लागतं. चिमटीत घासून बघा म्हणाली नेनी, आणि बायकोने लगेच ओळखलं, म्हणाली हे तर रव्या-मैद्याच्या मधलं आहे. या पिठात ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, दणकून असतं. हंगेरीचा मोठा सपाट मुलूख आहे, उन्हाळा कडक, तिथला गहू कणखर. आणि एकोणिसाव्या शतकात हे शहर जगातल्या सगळ्यात मोठ्या पिठाच्या गिरण्यांच्या केंद्रांपैकी एक होतं, नंतर अमेरिकेतलं मिनिआपोलिस पुढे गेलं. दगडी जात्याऐवजी लोखंडी रोलरमधून गहू काढायची मशिनं इथल्या गान्झ कारखान्यात मेखवार्ट नावाच्या इंजिनियरने १८७४ मध्ये सुधारली, त्यातून पांढरंशुभ्र बारीक पीठ निघायला लागलं. हे सगळं भाची सांगत होती आणि नेनी मध्येच काहीतरी पुटपुटली. भाची हसून म्हणाली, मावशी म्हणतेय गोष्टी पुरे, पाणी गार व्हायला लागलंय.

प्रमाण लिहून घेतलं ते देतो. अर्धा किलो पीठ, चिमूट-दोन चिमूट मीठ, एक अंडं, एक चमचा व्हिनेगर, एक मोठा चमचा स्निग्ध काहीतरी, आणि कोमट पाणी साधारण पाव लिटर, मग लागेल तसं अजून. व्हिनेगर का तर पीठ लवचिक होतं, ओढलं तर मागे पळत नाही. आता 'स्निग्ध काहीतरी' हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण इथेच पहिली भानगड झाली. नेनीने डबा उघडला आणि पांढरंशुभ्र, लोण्यासारखं काहीतरी चमच्याने काढलं. बायको म्हणाली वा, घरचं लोणी. भाची म्हणाली, 'झीर'. झीर म्हणजे डुकराची चरबी.

आम्ही अंडं खातो, मी बाहेर चिकनही खातो, पण बायको नाही, आणि चरबी तर दोघांनाही जमणार नव्हती. बुकिंग करताना व्हेजिटेरियन असं टाकलं होतं, तर त्यांनी फिलिंगमध्ये मटण नाही एवढाच त्याचा अर्थ घेतलेला. दोष त्यांचा म्हणावा तर तसाही नाही, झीर हे त्यांच्यासाठी मटण नाहीच, ते तेल-तुपासारखं. भाचीने नेनीला समजावलं. नेनीने आमच्याकडे अशा नजरेने बघितलं जसं माझी आजी 'मी गोड खात नाही' म्हणणाऱ्याकडे बघायची, म्हणजे राग नाही, काळजी. तब्येत बरी आहे ना? मग आमच्या गोळ्यासाठी सूर्यफुलाचं तेल आणि वरून लावायला लोणी वितळवून दिलं. आयरिश बहिणींनी झीर घेतलं. तुम्ही कुठे असा क्लास केला तर आधीच नीट शब्दात विचारा, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही.

आता मळणं. यात मी चमकलो, खोटं कशाला बोलू. कारण हे मळणं नाहीच, हे तिंबणं आहे. पीठ आधी इतकं चिकट आणि सैल की आपल्याकडे सूनबाईला बोलणी बसली असती, पण कोरडं पीठ वरून घालायचं नाही, तसंच हाताने दाबत, ताणत राहायचं. मग गोळा डोक्याच्या वर उचलून टेबलावर जोरात आपटायचा. धाड. पुन्हा उचलायचा, धाड. नेनी म्हणाली शंभर वेळा. सहाजण सहा गोळे आपटतायत, भांडी हलतायत, त्या चाळीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे. मांड्यांची कणिकही आमच्याकडे अशीच आपटून आपटून करतात, लहानपणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी सकाळी त्या आवाजानेच जाग यायची. तर मी सराईतपणे आपटत सुटलो. साठ-सत्तर फटक्यांनंतर गोष्ट बदलली, जो गोळा बोटांना गमासारखा चिकटत होता तो हात सोडायला लागला, वर बारीक फुगे आले आणि गाल फुगवलेल्या बाळासारखा गुळगुळीत झाला. नेनीने माझ्या गोळ्यावर बोट दाबलं आणि म्हणाली 'योऽ', म्हणजे छान. मी बायकोकडे बघितलं. तिने बघितलं नाही असं दाखवलं.

गोळ्याला तेल लावून वर गरम केलेलं पातेलं उपडं घालायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. या अर्ध्या तासात सारणं. एक सफरचंदाचं, एक 'तूरो'चं, तूरो म्हणजे चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी, किंचित आंबट, दाणेदार, त्यात साखर, लिंबाची साल, बेदाणे, अंडं आणि थोडा रवा. एक भोपळा-खसखशीचं. आणि एक कोबीचं! कोबीचं ऐकून डच नवऱ्याचं तोंड पडलं, माझं उजळलं.

खसखस इथे वेगळी. आपली पांढरी, यांची निळसर काळी, आणि आख्खी वापरत नाहीत, दळून घेतात. त्यासाठी टेबलाला स्क्रूने लावायचं छोटं हॅन्डलवालं यंत्र असतं, जुन्या काळच्या आपल्या कीस पाडायच्या मशीनसारखं दिसणारं. बायको म्हणाली आपण अनारशाला वरून चार दाणे लावतो आणि केवढी महाग म्हणतो, ही बाई किलोने दळतेय. खरंच, त्या देशात खसखस हे तोंडी लावणं नाही, सारण आहे, ख्रिसमसला तर बेयग्ली नावाचे रोल करतात त्यात एक खसखशीचा आणि एक अक्रोडाचा असतोच. दळताना जो वास येतो तो ओला, तेलकट, थोडा तंबाखूसारखा, मला नाही वर्णन करता येत.

कोबी बारीक किसून, मीठ लावून, घट्ट पिळून, मग कढईत थोडी साखर टाकून मंद गॅसवर अगदी तपकिरी होईपर्यंत परतायचा आणि वरून काळी मिरी, पण मिरी म्हणजे नावाला नाही, ठसका लागेल इतकी. आमची कढई वेगळी होती, तेलातली. मी चव घेतली आणि मनात म्हटलं याला फोडणी नाही, हळद नाही, मिरची नाही, तरी हे इतकं चांगलं कसं लागतंय.

तेवढ्यात नेनीने कॉफी आणली, काळी, छोट्या कपात. तिच्यावरून भाचीने एक म्हण सांगितली, 'काळं सूप अजून यायचंय', म्हणजे खरी अडचण पुढेच आहे. आख्यायिका अशी की १५४१ मध्ये तुर्कांच्या सुलतानाने हंगेरियन सरदारांना जेवायला बोलावलं, जेवण झाल्यावर सरदार निघायला लागले तर म्हणे थांबा, काळं सूप राहिलंय, म्हणजे कॉफी, आणि तोपर्यंत तिकडे सुलतानाच्या फौजेने बुदा, म्हणजे या शहराचा नदीपलीकडचा जुना भाग, ताब्यात घेतलं. पुढे १६८६ पर्यंत तिथे तुर्की सत्ता. हे इतकं पातळ पीठ ताणायची कला त्यांच्याकडूनच इकडे आली असं म्हणतात, बकलावा (तुर्कांची पापुद्र्यांची मिठाई) आणि रितेश म्हणजे चुलतभाऊ. भाचीने हे सांगून कप खाली ठेवला आणि म्हणाली, चला, आता तुमचं काळं सूप.

मोठं टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर पीठ भुरभुरवलेलं. अंगठ्या, घड्याळं, बांगड्या सगळं काढून ठेवायचं. आधी नेनीने करून दाखवलं. गोळा मध्ये ठेवला, लाटण्याने ताटाएवढा केला, वर झीर चोपडलं, मग दोन्ही हात पालथे करून खाली सरकवले आणि मुठीवर ते पीठ नुसतं उचलत, टेबलाभोवती फिरायला लागली. ओढत नव्हती. हात मधून कडेकडे सरकवायची, पीठ स्वतःच्या वजनाने खाली येत होतं. तीन फेऱ्यांत ते टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, चौथ्या फेरीत चारी बाजूंनी खाली लोंबायला लागलं, आणि चादरीवरची फुलांची वेलबुट्टी आरपार दिसायला लागली. आत्तापर्यंत बडबडणाऱ्या आयरिश बहिणी पण गप्प. जुन्या बायका म्हणायच्या की खालून पत्र वाचता आलं पाहिजे. नेनीने एक सुपरमार्केटचं पत्रक खाली सरकवलं आणि टोमॅटोचा भाव वाचून दाखवला.

मग आमची पाळी, दोघांत एक टेबल. मी बायकोला म्हटलं तू फक्त कडा धर, बाकीचं माझ्यावर सोड. रक्तात आहे. मी लहानपणापासून आजीला बघितलंय, कोपरापर्यंत हातावर मांडा झुलवत फिरवायची आणि फर्रकन खापरावर टाकायची. तर मी रितेश सरळ हातावर घेतला आणि आजीसारखं मनगट फिरवलं. माझ्या मनातले मांडे मनातच राहिले, रितेशला मध्यभागी बशीएवढं भोक पडलं आणि उरलेला भाग माझ्या कोपरावर ओल्या टॉवेलसारखा लटकला.

सगळे थांबले. नेनी आली, म्हणाली 'नेम बॉय'. मला वाटलं नाव विचारतेय, मी नाव सांगितलं. भाची हसत सुटली, नेम बॉय म्हणजे काही हरकत नाही. भोक पडलं तरी चालतं, गुंडाळल्यावर आत जातं, कुणाला दिसतंय. पण मग नेनीने माझे हात धरले, मनगटं दाबून खाली केली, आणि दोनदा काहीतरी म्हणाली. भाचीने सांगितलं, मावशी म्हणतेय तू ओढतोयस, ओढू नकोस, फक्त खालून आधार दे आणि सरक.

आणि मला तिथे, त्या चादरीसमोर उभं असताना कळलं की मी आजीला फक्त बघितलं होतं. एकदाही हात लावला नव्हता. आम्हा पोरांना त्या चुलीजवळ कुणी फिरकू द्यायचं नाही आणि नंतर फिरकू दिलं तेव्हा मी फिरकलो नाही. मांड्यात दोन पाऱ्यांच्या मध्ये पुरण असतं, त्याचं वजन असतं, तो हातावर झुलतो. हा रिकामा कागद, तो झुलवला की फाटणारच. दोन्हीचं नातं मी आपला तोंडाने जोडत होतो.

मग बायकोने सूत्रं घेतली. तिला म्हटलं तर पोळीही फार आवडीने लाटायला आवडत नाही, पण तिच्याकडे एक गुण आहे जो माझ्याकडे नाही, तिला घाई नसते. ती हळूहळू मूठ सरकवत राहिली, एका जागी दोनदा हात नाही, जिथे जाड दिसेल तिथे जायची, मी समोरून तिच्या उलट दिशेने फिरत होतो, आणि वीसेक मिनिटांत टेबलाच्या तीन बाजूंनी लोंबला. चौथी बाजू माझी होती, तिथे माझं भोक.

खाली लोंबणारी जाड कड फाडून टाकायची. मग ते पाच-सात मिनिटं उघडं सुकू द्यायचं, हातात घेतलं तर कागदासारखं कुरकुरेल इतकं नाही, पण ओलसरही नाही. मग वितळलेलं लोणी शिंपडायचं, ब्रशने घासायचं नाही नाहीतर फाटतं, मोरपिसाने उडवल्यासारखं. मग ब्रेडचा चुरा, तो सारणाचं पाणी पितो. सारण एका कडेला लांब ओळीत, आणि मग हात न लावता फक्त चादर उचलायची, पीठ आपोआप गुंडाळत पुढे जातं. हा क्षण इतका भारी आहे की मी दोनदा केला, एकदा कोबीचा आणि एकदा भोपळा-खसखशीचा. चादर वर घेतली की रितेश लोळत लोळत पलीकडे जातो आणि इंचभर जाड असलेल्या गुंडाळीत किती पदर झाले ते मोजताच येत नाहीत. ट्रेच्या लांबीने कापायचं, वरून लोणी, दोनशे डिग्रीला साधारण अर्धा तास.

ओव्हन चालू असताना डच नवऱ्याने विचारलं, हे सगळं रोज कोण करतं? भाची म्हणाली कुणीच नाही, आता सुपरमार्केटमध्ये रेडीमेड शीट मिळतात, मी पण तेच वापरते. नेनीला कळलं असावं, तिने नाक मुरडलं. मग आणखी एक म्हण मिळाली, एखादी गोष्ट उगाच लांबत चालली की हंगेरियन लोक म्हणतात रितेशच्या पिठासारखी ताणली जातेय. बायको म्हणाली, सासूबाईंची रात्री आठची सिरियल. मी हे भाषांतर करून सांगितलं, आणि ते मात्र टेबलावरच्या सगळ्यांना लगेच समजलं.

खाताना पहिला नंबर तूरोचा, गरम, वर पिठीसाखर, आत मऊ आंबटगोड, बाहेर पापुद्रे ओठांना चिकटतायत. सफरचंदाचा चांगला पण तो व्हिएन्नामध्येही मिळतो, त्यात काय. भोपळा-खसखस हा मला सगळ्यात विचित्र आणि नंतर सगळ्यात जास्त आठवलेला, मातकट, गोड, दाताखाली खसखशीची भरड. कोबीचा मी चार तुकडे खाल्ला, पाचवा रुमालात बांधून घेतला. प्रामाणिकपणे सांगायचं तर आयरिश बहिणींचा झीरवाला आमच्यापेक्षा जास्त खुसखुशीत दिसत होता, म्हणजे पापुद्रे फुटायचा आवाजच वेगळा. आमचा लोण्याचा थोडा मऊ. पण त्याला इलाज नव्हता.

दोन वाजता निघालो आणि धावत पळत ट्राम पकडून सेंट्रल मार्केट, कारण ते शनिवारी दुपारी तीनलाच बंद होतं. १८९७ मध्ये बांधलेली प्रचंड लोखंडी कमानींची इमारत, वर रंगीत कौलं, आत लाल मिरचीच्या माळा बघून क्षणभर आपण ब्याडगीच्या बाजारात आहोत असं वाटलं. बघायला वेळच नव्हता, दोन किलो रेतेशलिस्त, अर्धा किलो दळलेली खसखस घेतली आणि शटर पडायच्या आत बाहेर. (खसखस घेऊन भारतात जाणाऱ्यांनी दुबईमार्गे तिकीट काढू नका, तिथे खसखस न्यायला बंदी आहे, उगाच तुरुंगवारी व्हायची.)

म्युनिकला आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही घरी केला, बुदापेश्तचं पीठ होतं तोवर सोपं गेलं. डायनिंग टेबलवर पांढरी चादर नव्हती म्हणून आईने दिलेली सोलापूरची चौकड्यांची चादर टाकली, तिचा खरबरीत पोत पिठावर उमटला, छान नक्षी आली. पीठ संपल्यावर खरी परीक्षा. जर्मनीत पिठाचे प्रकार नंबरने ओळखतात, नेहमीचं केकचं पीठ टाइप ४०५, ते ताणलं की मधूनच सुटायचं. ५५० ने बरं झालं. मग घराजवळच्या तुर्की दुकानात बकलाव्यासाठीचं वेगळं पीठ मिळालं आणि त्याने कमाल केली, आमची लोंबकळती कड टेबलाच्या चारी बाजूंना पोहोचली. दुकानदाराला विचारलं की स्ट्रूडलला चालेल ना, तर म्हणाला, भाऊ, ते आमच्याकडूनच गेलंय.

नंतर होळीला बायकोने डोकं लढवलं, पुरण भरायचं. पुरण कोरडं शिजवून घेतलं, वेलची-जायफळ, वरून लोण्याऐवजी साजूक तूप शिंपडलं, चादर उचलली, लोळला. ओव्हन छोटा म्हणून घोड्याच्या नालेसारखा वाकवून ठेवला. वरून सोनेरी, खमंग, घरभर वास. आईला व्हिडिओ कॉल लावला, फोन जवळ नेऊन कापून दाखवला, पापुद्रे, आतलं पुरण, सगळं. मला वाटलं ती आता म्हणेल, वा रे पठ्ठ्या, आजीचं नाव काढलंस.

आईने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, बराच वेळ बघितलं.

"हा मांडा नाही," ती म्हणाली. "पण पुरण चांगलं दिसतंय. वाया घालवू नका, दुधात कुस्करून खा."

आणि मग सुनेला, "तू ताणलंस ना गं? त्याच्या बाजूला भोक दिसतंय."